खेळाच्या तासात मुलांना विचारायचे म्हणजे नेमके काय विचारायचे?

प्राथमिक वर्गांना शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या वर्गात त्यांनी तासाच्या सुरुवातीला ‘आज काय खेळायचे?’ असे विचारायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मुले हरखून गेली. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मात्र चार-पाच आवाजी मुले दर वेळी चेंडूचा एकच खेळ मागू लागली, बाकीची गप्प राहू लागली, वादावादीत दहा-दहा मिनिटे जाऊ लागली आणि त्या दिवशी जे शिकवायचे ठरवलेले असे ते बाजूलाच राहू लागले. मुलांच्या मताला किंमत असावी हे त्यांना मनापासून पटते. पण आता विचारणे थांबवावे की वेगळ्या तऱ्हेने विचारावे, असा त्यांच्यापुढे पेच आहे.

माझे उत्तर असे की विचारणे थांबवू नका, प्रश्न बदला. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना मी गेली चोवीस वर्षे मैदानावर शिकवतो आहे आणि ‘आज काय खेळायचे?’ या प्रश्नाने सुरुवात करण्याची चूक मीही केलेली आहे. हा प्रश्न दिसायला मोकळा असला तरी मुलांच्या दृष्टीने तो सर्वांत अवघड आहे. मूल आपल्याला जे माहीत आहे आणि जे जमते त्यातूनच निवडते, त्यामुळे उत्तरात नवे काही येत नाही. गप्प राहणाऱ्या मुलाने चाळीस जणांसमोर एका दमात अख्खा खेळ सुचवावा, आणि तोही चेंडू खेळण्यात पटाईत असलेल्या मुलांच्या विरोधात, अशी अपेक्षा या प्रश्नात दडलेली असते. शिवाय संपूर्ण तासाचा निर्णय एकच असल्यामुळे ज्यांचे म्हणणे मान्य होत नाही, त्यांच्या पदरात त्या दिवशी काहीच पडत नाही.

त्याऐवजी, एका तासात आपण स्वतः किती निर्णय घेतो याची एकदा कागदावर यादी करून पाहा. गट किती जणांचे, कोण कोणाबरोबर, चेंडू मोठा की लहान, मऊ की टणक, रेघ किती अंतरावर, सुरुवात कोणी करायची, किती वेळा करायचे, दमल्यावर कुठे थांबायचे, गुण मोजायचे की नाही, जमले की नाही हे कोणी सांगायचे. शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक मस्का मॉस्टन यांनी 1966 मध्ये शिकवण्याच्या पद्धतींची जी मांडणी पुढे आणली, तिचा पायाच हा होता की शिकवणे म्हणजे निर्णयांची एक साखळी असते. काही निर्णय तासाआधीचे, काही तास चालू असतानाचे आणि काही नंतरच्या तपासणीचे असतात, आणि त्यातला कोणता निर्णय शिक्षकाचा आणि कोणता मुलाचा यावरून पद्धत बदलते. एका टोकाला शिट्टी वाजली की सर्वांनी एकाच वेळी एकच हालचाल करायची, तर दुसऱ्या टोकाला शिकणाऱ्यानेच सर्व काही ठरवायचे. प्राथमिक शाळेतला चांगला तास या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो आणि एकाच तासात तो पुढेमागे सरकत असतो. त्यामुळे ‘सगळे मी ठरवू की सगळे मुलांनी ठरवू’ हा पर्याय मुळात तुमच्यासमोर नाहीच.

तीन गोष्टी मी माझ्याकडे ठेवतो आणि तसे मुलांना उघड सांगतो. पहिली सुरक्षितता. दुसरी, आज काय शिकायचे आहे ते. म्हणजे आज झेलणे शिकायचे असेल तर झेलणेच शिकायचे. तिसरी, कोणीही मूल संपूर्ण वेळ कडेला बसून राहणार नाही. या तीन गोष्टींच्या कुंपणाआतले जवळपास सगळे निर्णय हळूहळू मुलांच्या हाती देता येतात. कुंपण कुठे आहे हे आधीच माहीत असले की मुले आत निर्धास्तपणे वावरतात. ते लपवून ठेवले आणि मुलांनी काही मागितल्यावर ऐन वेळी पुढे केले, तर मुलांना फसवणूक झाल्यासारखे वाटते.

एक गोष्ट प्रत्यक्ष करून पाहा. दोन मुलांना दोरीची दोन टोके हातात सैल धरायला सांगा, म्हणजे कोणाचा पाय अडकला तर दोरी लगेच सुटेल. टोके खांबाला कधीही बांधू नका. आधी दोरी जमिनीला समांतर, गुडघ्याइतकी उंच धरा. सर्वांनी ती ओलांडली की थोडी वर घ्या, मग आणखी थोडी वर. काही मिनिटांतच तीन-चार मुले बाद होऊन कडेला बसतात, मग सात-आठ बसतात, आणि शेवटी ज्यांना उडीच्या सरावाची गरज सर्वांत कमी आहे ती दोन-तीन मुलेच उड्या मारत राहतात. आता तीच दोरी तिरकी धरा. एक टोक जवळजवळ जमिनीला टेकलेले आणि दुसरे कमरेइतके उंच. ‘तुम्हाला हवी तिथून उडी मारा’ एवढेच सांगा आणि बाजूला उभे राहा.

मैदानावर त्यानंतर जे घडते ते बारकाईने पाहण्यासारखे असते. कोणीही बाद होत नाही, कारण बाद होण्याची जागाच उरलेली नसते. काही मुले धावत थेट उंच टोकाकडे जातात, अडखळतात आणि पुढच्या फेरीत कोणी न सांगता हातभर खाली येतात. एक मुलगा मला आजही आठवतो. तो सलग तीन वेळा अगदी खालच्या टोकावरून गेला. चौथ्या वेळी तो धाव घेण्याआधी थांबला, आपल्याकडे कोणी पाहते आहे का म्हणून त्याने दोन्हीकडे नजर टाकली, एक पाऊल वरच्या बाजूला सरकला आणि उडी मारून झाल्यावर मागे वळून दोरीकडेच पाहत राहिला. त्या एका पावलाचा निर्णय त्याचा स्वतःचा होता. मी त्याला ‘थोडे वर जा’ असे म्हटले असते तर तो गेलाही असता, पण मग ती उडी माझ्या सांगण्यावरून मारलेली झाली असती. तिरक्या दोरीचे हे उदाहरण मॉस्टन यांच्या मांडणीत सर्वसमावेशक पद्धतीचे म्हणून येते आणि माझ्या मते मुलांना मत मांडू देण्याची यापेक्षा सोपी सुरुवात नाही, कारण येथे मुलांना तोंडाने काहीच बोलावे लागत नाही. ती पायांनी सांगतात आणि शिक्षकाने ते नुसते वाचायचे असते.

हेच तत्त्व इतर ठिकाणी लागू करणे अवघड नाही. फेकण्याच्या सरावात एकाच अंतराऐवजी तीन रेघा आखा. झेलण्यासाठी तीन आकारांचे चेंडू टोपलीत ठेवा आणि कधीही बदलण्याची मुभा द्या. तोल सांभाळण्यासाठी जमिनीवरची रेघ, रुंद फळी आणि अरुंद फळी असे तिन्ही मांडा. येथे हमखास एक शंका येते की अशाने आळशी मुले सोपेच निवडत राहतील. माझा अनुभव असा की सुरुवातीला उलटाच प्रश्न पडतो. पुष्कळ मुले मित्रांच्या बरोबरीने राहण्यासाठी आपल्याला न झेपणारे निवडतात. दोन-तीन तासांत ती आपापल्या जागी स्थिरावतात. काही थोडी मुले मात्र खरोखरच आठवडेच्या आठवडे खालच्या टोकाला राहतात. त्यांना ढकलू नका, हिणवू नका. जवळ जाऊन हळू आवाजात ‘पुढच्या उडीला कुठे उभा राहशील?’ एवढे विचारा आणि तो जे सांगेल ते मान्य करा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या प्रेरणेविषयीच्या सिद्धांतात माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा सांगितलेल्या आहेत: आपले आपण ठरवता येणे, आपल्याला जमते आहे असे वाटणे आणि आपण इतरांशी जोडलेले असणे. तिरक्या दोरीपाशी या तिन्ही एका जागी भेटतात, म्हणूनच ती इतकी कामाला येते.

आता मतदानाविषयी. हात वर करून मते घेतली की सर्वांना विचारल्यासारखे होते असे वाटून मी काही वर्षे दर आठवड्याला मते घेत असे. एका वर्गात सलग पाच-सहा आठवडे चेंडूचा तोच खेळ निवडून आला आणि मी ते समाधानाने मान्य करत गेलो. मग एका मुलीने तास संपल्यावर शांतपणे विचारले, ‘‘सर, आम्ही दर वेळी हरतोच. मग आम्हाला विचारता कशाला?’’ मी मागच्या आठवड्यांचे हात आठवू लागलो तेव्हा लक्षात आले की हरणारी मुले प्रत्येक वेळी तीच होती. बहुमत एका वेळेपुरते न्याय्य असू शकते. पण दर वेळी तेच बहुमत असेल तर उरलेल्या मुलांच्या दृष्टीने ती मते घेणे आणि न घेणे सारखेच असते. शिवाय हात वर करण्यात दुसरीही अडचण आहे. आठ वर्षांचे मूल हात वर करण्याआधी खेळाचा विचार करत नाही, ते आपल्या मैत्रिणीचा हात वर आहे का ते पाहते.

त्या दिवसापासून मी मतदान अगदी किरकोळ आणि सर्वांना सारख्याच लागू असलेल्या गोष्टींपुरते ठेवले आहे. वॉर्म-अप गाण्यावर करायचा की टाळ्यांवर, एवढ्यापुरते. बाकी ठिकाणी पाळी लावतो. वर्गाच्या पाच तुकड्या, प्रत्येक आठवड्याला एक तुकडी तासातला शेवटचा पंधरा मिनिटांचा भाग ठरवते, आणि कोणाची पाळी होऊन गेली हे भिंतीवरच्या तक्त्यावर सर्वांना दिसते. मैदान मोठे असेल तर दोन कोपऱ्यांत दोन खेळ ठेवतो आणि मुले हवे तिकडे जातात. जिथे मत घ्यावेच लागते तिथे हात वर करण्याऐवजी पाठीमागे ठेवलेल्या दोन डब्यांपैकी एकात प्रत्येकाने एक खडा टाकायचा. खडे मोजायला एक मिनिट लागते आणि कोणी कुठे टाकला हे कोणालाच कळत नाही.

गप्प मुलांचे म्हणणे ऐकण्यासाठी मात्र मैदानावरचा कोणताही उपाय पुरेसा पडत नाही, असे माझे मत झाले आहे. त्यासाठी चित्रासारखे साधन नाही. महिन्यातून एकदा तास संपल्यावर वर्गात पाठकोरे कागद वाटायचे आणि ‘आजच्या तासातला मी’ काढायला सांगायचे. सुंदर काढायची गरज नाही, गुण नाहीत, पाच-सात मिनिटे पुरतात. नंतर फिरत फिरत एकेकाला ‘हे काय आहे?’ असे विचारायचे आणि मुलाचे उत्तर त्याच्याच शब्दांत कागदाच्या कडेला लिहून ठेवायचे. सात वर्षांच्या एका मुलाने मैदान कागदभर पिवळे रंगवले होते, मधोमध मुलांचा एक गुंता काढला होता, आणि खालच्या कोपऱ्यात एक आकृती होती जिला पाय होते, डोळे होते, पण हात नव्हते. मला वाटले चित्र अपुरे राहिले. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘आज हातांचं कामच नव्हतं.’’

पुढच्या तासाला मी मुद्दाम त्याच्यावर नजर ठेवली. बारा मिनिटांच्या खेळात चेंडू त्याच्या हाती एकदाही आला नाही. तो पळत होता, हसत होता, दुरून पाहणाऱ्याला तो खेळतो आहे असेच वाटले असते आणि मलाही तोवर तसेच वाटत आले होते. वीस मुलांमध्ये एक चेंडू हा निर्णय माझा होता. त्यानंतर मी एका मोठ्या खेळाऐवजी चार-चार जणांचे लहान खेळ आणि प्रत्येक गटाला एक चेंडू अशी मांडणी केली आणि वर्गाला सांगितले की एका चित्रात मला हात दिसले नाहीत म्हणून हा बदल केला आहे. चित्र कोणाचे हे सांगितले नाही. ते त्याला कळले.

बदल कशामुळे झाला ते मुलांना सांगणे हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी राहून जातो. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार 20 नोव्हेंबर 1989 रोजी स्वीकारला गेला. त्याच्या 12व्या कलमात, स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलाला त्याच्याशी संबंधित सर्व बाबींत ते मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे आणि त्याचे वय व समज लक्षात घेऊन त्या मताला योग्य वजन दिले जावे, असे म्हटले आहे. वाक्याचा उत्तरार्ध नीट वाचण्यासारखा आहे. मूल म्हणेल तसेच झाले पाहिजे असे ते कलम म्हणत नाही. मूल बोलले की ऐकणाऱ्याची जबाबदारी सुरू होते, एवढे मात्र त्यातून नक्की निघते. बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी 2007 मध्ये याच कलमाची उकल करताना चार गोष्टी लागतात असे मांडले: बोलायला सुरक्षित जागा, बोलण्यासाठी मदत, ऐकणारा माणूस आणि त्या बोलण्याचा परिणाम. शाळांमध्ये पहिल्या दोन गोष्टींवर बरीच मेहनत घेतली जाते आणि शेवटच्या दोन निसटतात. संशोधक रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत, कारण तिथे मुलांना वापरून घेतले जाते, शोभेसाठी उभे केले जाते किंवा तोंडदेखले विचारले जाते. मी काही वर्षे घेत होतो ते मतदान या तिसऱ्या प्रकारात बसते असे मला आज वाटते.

म्हणून वर्गात एक फळा किंवा मोठा कागद ठेवा. त्यावर दोन रकाने पुरतात: ‘तुम्ही सांगितले’ आणि ‘मग काय झाले’. दुसऱ्या रकान्यात नकारही लिहायचा आणि त्याचे कारणही लिहायचे. एका तुकडीने माझ्याकडे उंच कट्ट्यावरून गादीवर उड्या मारण्याची मागणी केली होती. मी नाही म्हटले. गादी तेवढ्या उंचीसाठी नाही हे त्यांना गादी दाबून दाखवले आणि कमी उंचीच्या बाकावरून उडी मारून मऊ पायांनी जमिनीवर येण्याचा सराव देऊ केला. ती मुले नाराज झाली, पण पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा नवी मागणी आणली. कारण समजले असेल तर मुले नकार पचवतात. विचारून झाल्यावर काहीच कानावर आले नाही, तर मात्र ती पुढच्या वेळी सांगायचेच सोडून देतात, आणि ते पुन्हा सुरू व्हायला फार दिवस लागतात.

नियम बदलण्याचा अधिकार हा त्यापुढचा टप्पा आहे आणि साधारण आठ-नऊ वर्षांपासून मुले तो फार समजूतदारपणे वापरतात. पकडापकडीचा साधा खेळ घ्या, ज्यात पकडला गेलेला बाद होऊन कडेला बसतो. दोन डाव झाल्यावर खेळ थांबवून फक्त एक प्रश्न विचारायचा: ‘‘कोण किती वेळ बसून होते?’’ मुले आपणहून सांगू लागतात आणि त्यांच्या ध्यानात येते की सर्वांत आधी तीच मुले बसतात ज्यांना पळण्याचा सराव हवा आहे. मग चार-चारच्या गटांना दोन मिनिटांत एक बदल सुचवायला सांगायचे. एकच बदल, आणि तो लगेच खेळून पाहायचा. एका गटाने सुचवले की बाद झालेल्याने दहा उड्या मारून परत यावे. दुसऱ्या गटाची कल्पना मला त्याहून आवडली आणि मी ती आजही वापरतो: शेजारी शेजारी दोन मैदाने आखायची, एका मैदानात पकडला गेलेला दुसऱ्या मैदानात खेळायला जातो आणि तिथे पकडला गेला की परत पहिल्यात येतो. खेळ थांबत नाही, कोणी बसत नाही आणि ‘बाद’ या शब्दाचा अर्थच बदलून जातो. सगळ्याच कल्पना चालतात असे नाही. एकदा एका गटाने राज्य असलेल्याने डोळे मिटून पळावे असे सुचवले. मी ते कुंपणाबाहेरचे म्हणून थांबवले आणि फळ्यावर तसे लिहिले. काही नियम खेळताना आपोआप कोसळतात, तेव्हा ते कोसळू द्यावेत, कारण नियम कशासाठी असतो हे मुलांना तेव्हाच उमगते.

काही गोष्टी अशा आहेत ज्या मुले कधीही सर्वांसमोर सांगणार नाहीत, आणि त्यांना मत मांडू देण्याची खरी गरज तिथेच असते. दोन कप्तानांनी भर मैदानात एकेक भिडू निवडायचा आणि शेवटी एक मूल उरायचे. सर्वांसमोर वजन करून आकडा मोठ्याने वाचायचा. एकट्याला पळायला लावून बाकीच्यांनी कडेला उभे राहून पाहायचे. खेळाचे कपडे कुठे आणि कोणासमोर बदलायचे. वरच्या वर्गांतल्या काही मुलींना पाळी सुरू झालेली असते आणि त्या काहीतरी कारण सांगून बसून राहतात. यातल्या एकाही गोष्टीविषयी वर्गात चर्चा घडवून आणू नका. वर्षाच्या सुरुवातीला आणि मध्यावर प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्या, ‘खेळाच्या तासातले काय बदलले तर तुला बरे वाटेल?’ असे विचारा, नाव लिहिणे ऐच्छिक ठेवा आणि सर्वांनीच काहीतरी लिहून किंवा कोरी घडी घालून डब्यात टाकायची असे ठरवा, म्हणजे लिहिणारे वेगळे दिसणार नाहीत. भिडू निवडण्याची ती पद्धत तर कोणाच्याही चिठ्ठीची वाट न पाहता आजच बंद करावी.

अपंगत्व असलेल्या मुलाच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक दीर्घकाळ होत राहिली. पायाला आधाराची पट्टी लावणाऱ्या एका मुलाला मी गुण लिहिण्याचे काम देत असे. तो ते मन लावून करायचा, मीही समाधानी होतो, आणि जवळजवळ दोन वर्षे मी त्याला काहीही विचारले नाही. चिठ्ठ्यांची पद्धत सुरू झाल्यावर त्याने लिहिले की त्याला पकडणारा व्हायचे आहे आणि त्याच्यासाठी पळणाऱ्यांची जागा लहान आखावी. उपाय त्याच्याकडे तयार होता. मोजमापासह तयार होता. आपल्या सोयीने ठरवलेली दया मुलाला मैदानाबाहेर नेऊन बसवते हे मला त्या चिठ्ठीने शिकवले, आणि तेव्हापासून अशा कोणत्याही मुलासाठी काही ठरवण्याआधी मी ‘हे कसे करूया?’ असे त्यालाच आधी विचारतो.

वेळेविषयी तुमची तक्रार अगदी रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने रोज किमान 60 मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करावी. पुष्कळ मुलांच्या दिवसात धावण्या-उडण्याची ठरलेली वेळ म्हणजे खेळाचा तास एवढीच असते, आणि ती चर्चेत घालवणे हे मुलांच्याच हिताविरुद्ध आहे. मी स्वतःला घालून घेतलेला नियम असा की बसून केलेले बोलणे एका वेळी दोन मिनिटांपेक्षा जास्त चालू द्यायचे नाही आणि एका तासात असे दोनच थांबे घ्यायचे. लांबणारा वाद दिसला की दोन्ही सूचना पाच-पाच मिनिटे खेळून पाहायच्या. बाकी निवड हालचालीतच असावी. चित्रे, चिठ्ठ्या आणि फळा ही कामे मैदानाबाहेरची आहेत. भाषेच्या किंवा चित्रकलेच्या तासाशी ती सहज जोडता येतात.

वयानुसार थोडे बदलते. सहा-सात वर्षांच्या मुलांना दोन किंवा तीनच पर्याय द्यावेत, तेही डोळ्यांसमोर मांडलेले. न दिसणाऱ्या गोष्टींतून निवडणे त्यांना जड जाते. दहा-अकराव्या वर्षी मुले पंचाचे काम करू शकतात, वॉर्म-अप चालवू शकतात, आपल्या गटाला काय येत नाही हे ओळखून सरावाची आखणी करू शकतात. शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक डॅरिल सीडेंटॉप यांच्या क्रीडा शिक्षणाच्या पद्धतीत मुले बराच काळ एकाच संघात राहतात आणि खेळाडूबरोबरच पंच, गुणलेखक, प्रशिक्षक अशा भूमिका आळीपाळीने करतात. वरच्या प्राथमिक वर्गांत ती साधी करून वापरली तर उत्तम चालते.

शिस्त बिघडेल का, असेही तुमच्या पत्रात अप्रत्यक्षपणे आले आहे. पहिले काही आठवडे गोंधळ वाढेल, कारण शिट्टीवर हलायची सवय झालेल्या मुलांना स्वतः ठरवायचा सराव नसतो आणि तो झेलण्याच्या सरावाइतकाच हळूहळू येतो. जी चार-पाच आवाजी मुले आहेत त्यांना गप्प बसवण्याऐवजी एक काम द्या: आपल्या गटात अजून कोणाचे म्हणणे आलेले नाही हे शोधून त्याला विचारायचे आणि त्याचे म्हणणे त्याच्या वतीने मला सांगायचे. त्यांचा आवाज आहे तो असू द्यावा, फक्त तो दुसऱ्याच्या कामी यावा. सर्वांच्या बाबतीत हे साधत नाही, पण पुष्कळांच्या बाबतीत साधते.

तेव्हा पुढच्या तासाला मुलांना काहीही विचारू नका. तीन रेघा आखा, तीन प्रकारचे चेंडू ठेवा, मुभा द्या आणि कोण कुठे उभे राहते ते वहीत टिपून ठेवा. दुसऱ्या आठवड्यात खेळाच्या एकाच नियमावर चार-चारच्या गटांचे मत घ्या आणि एक बदल लगेच खेळून पाहा. तिसऱ्या आठवड्यात चित्रे काढून घ्या, घरी नेऊन सावकाश पाहा, आणि ज्या चित्रातले मूल कडेला आहे किंवा अजिबात दिसत नाही ते वेगळे काढून ठेवा. चौथ्या आठवड्यात त्या चित्रांतून जे कळले त्यानुसार तासातली एक गोष्ट बदला, आणि शिट्टी वाजवण्याआधी वर्गाला सांगा की ती कशामुळे बदलली.